गोळ्या जुळत होत्या

दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमनी मला हे लिहायला सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला की यात यांचा काय फायदा. त्या म्हणाल्या, "नाना, नातवंडं घेऊन येणारे आजी-आजोबा आमच्याकडे बरेच आहेत. आम्ही सांगतो ते ऐकून घेतात, पण त्यांना पटत नाही. तुमचं पटेल." मी विचार करतो म्हणालो आणि चार महिने टाळत राहिलो.

संशय माझ्या अंगात मुरलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी बत्तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो. "मुलाचं वय किती?" हा प्रश्न किती वेळा विचारला असेल याची गणती नाही, आणि त्याचं खरं उत्तर फार थोड्या आईबापांनी दिलं. मिसरूड फुटलेल्या पोराला सीटवर खाली सरकून बसायला लावून "दहावं चालू आहे" म्हणणारे लोक मी पाहिलेत. गाडीतली डोकी आणि दिलेली तिकिटं जुळली की मगच मी जागेवर टेकायचो. निवृत्त झालो, खाकी कपडे गेले, सवय राहिली. भाजीवाला असो, डॉक्टर असो की जावई, हा माझ्यापासून काय लपवतोय ते मी आधी बघतो.

या सवयीनं माझ्या नातीचा जीव धोक्यात आला होता. तेच सांगायचं आहे.

नावं बदलली आहेत. गाव लासलगाव, ते तसंच ठेवलं. कांद्याच्या हंगामात इथं एवढी माणसं येतात-जातात की कोण कुणाचा नाना, हे शोधणं सोपं नाही.

कळलं तो दिवस

मनीषा माझी एकुलती एक मुलगी. घोटीला दिली होती. लग्नाला चार-पाच वर्षं होतात न होतात तोच जावई गेले. सासरच्यांनी कावीळ सांगितली. मनीषा तीन वर्षांच्या तनूला घेऊन आमच्याकडे राहायला आली. पुढं दीड-दोन वर्षांनी तिला खोकला धरला तो सुटेना. अंगावरचे कपडे ढगळ व्हायला लागले. नाशिकला दाखल केलं, तिथं टीबी निघाला. माझी बायको सुमन वॉर्डात तिच्या उशाशी बसून असायची. एक दिवस डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावलं.

टीबीच्या मागं एचआयव्ही आहे, असं ते म्हणाले. मी त्यांना विचारलं, "रिपोर्टवरचं नाव बघितलं का नीट?" त्यांनी कागद माझ्या हातात दिला. नाव बरोबर होतं. मग मला वाटलं, रक्ताच्या बाटल्या बदलल्या असतील. मग वाटलं, महागडं औषध खपवायचं असेल. डॉक्टर म्हणाले, "औषध सरकार फुकट देतं, बाबा." फुकट म्हटल्यावर तर माझा संशय दुप्पट झाला.

मनीषाला त्यांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. सुमन खाली चहा आणायला गेली तेव्हा मनीषा मला म्हणाली, "नाना, आईला तुम्ही सांगा. मला नाही जमणार." मी म्हटलं, "सांगतो."

मी सांगितलं नाही. सुमन तिच्या बहिणीला सांगेल, बहीण जावेला सांगेल, आठ दिवसांत बाजार समितीच्या गेटवर चर्चा होईल, असा मी हिशेब केला. पस्तीस वर्षं संसार केलेल्या बायकोवर माझा एवढाच विश्वास होता. सुमनला मी फक्त टीबी सांगितला. मनीषाची औषधं सुरू झाली, पण फार उशीर झाला होता. सव्वा महिन्यात ती गेली.

तनूची तपासणी करा, असं दवाखान्यातून तीन वेळा सांगणं आलं. शेवटी मी तिला शाळेच्या दाखल्याला फोटो काढायचाय म्हणून नाशिकला नेलं. ती तेव्हा पाच वर्षांची. सुई टोचली तेव्हा रडली नाही, माझ्याकडे बघत राहिली, कारण फोटो काढायला सुई कशाला लागते हे तिला कळत नव्हतं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मी दुसऱ्याच आठवड्यात तिला खासगी लॅबमध्ये नेलं आणि खोटं नाव सांगून पुन्हा रक्त तपासलं. नाव खोटं होतं, रक्त खरं होतं. तोच रिपोर्ट आला. परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर झोपली आणि मी निफाड येईपर्यंत तोंडावर रुमाल धरून रडत होतो.

सुमनला सांगितलं की पोरीला रक्त कमी आहे, आईला टीबी होता म्हणून खबरदारीच्या गोळ्या दिल्यात, लांबवर चालतील.

बाकडं

औषध मिळायची जागा घराजवळ निवडता आली असती. मी मुद्दाम नाशिक घेतलं. जेवढं लांब तेवढी ओळखीची माणसं कमी, हा त्यामागचा विचार. पण मी ज्या खात्यात जन्म काढला तिथं ओळख कशी टळणार? गाडीत चढलो की कंडक्टर विचारायचा, "काय नाना, कुणीकडं?" मी सांगायचो, "डोळ्यांच्या डॉक्टरकडं." नंतर नंतर त्यांनाच प्रश्न पडायला लागला की नानांचे डोळे सुधारतात का बिघडतात.

औषधाच्या केंद्रावर एक लांब बाकडं आहे. तिथं पहिल्यांदा गेलं की जो तो भिंतीकडं बघतो. बाया पदर तोंडापर्यंत ओढतात. मी पेपर उघडून धरायचो. एकदा पेपरच्या कडेवरून समोर बघितलं तर बाजार समितीतला एक हमाल. गावात रोज दिसणारा माणूस. त्यानं मला बघितलं, मी त्याला बघितलं, आणि दोघांनीही ओळख दाखवली नाही. परतताना डोक्यात एकच होतं, हा आता गावभर करणार. त्यालाही माझ्याबद्दल तीच भीती असणार, हे तेव्हा सुचलं नाही.

पुढच्या महिन्यात मी उशिरा पोचलो. बाकडं भरलेलं होतं. त्या हमालानं शेजारी ठेवलेली आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि थोडं सरकला. त्यानंतर आमची तारीख एकत्र आली की ती पिशवी माझ्यासाठी जागा धरून असायची. लासलगावात आम्ही अजूनही बोलत नाही. त्या पिशवीचे उपकार मी विसरणार नाही.

तिथं दर वेळी तेच चालायचं. नंबर घ्यायचा, वजन, उंची, डॉक्टरीणबाई जीभ बघणार, मग समुपदेशक मॅडम उरलेल्या गोळ्या मोजणार. किती दिल्या होत्या, किती दिवस झाले, किती उरल्या. हे मोजणं बघून मात्र माझा जीव सुखावला. म्हटलं, चला, आपल्या जातीची माणसं आहेत.

मोजणी

गोळी सकाळी साडेसातला, शाळेत जाण्याआधी. त्या वेळी मी दूध आणायला आणि चार पावलं फिरायला जायचो, त्यामुळे गोळी सुमन द्यायची. संध्याकाळी मी बाटली पेपरवर पालथी करून गोळ्या मोजायचो. रोज. वाण्यानं दिलेल्या कॅलेंडरवर आकडा लिहायचो. बाटलीवरचा कागद मी खरवडून काढला होता, कुणी वाचू नये म्हणून.

पहिल्याच वर्षी एकदा एक गोळी जास्त भरली. म्हणजे एक दिवस चुकला. मी घर डोक्यावर घेतलं. सुमन म्हणाली, "अहो, ताप होता तिला, ओकारी काढली, म्हटलं एक दिवस ऱ्हाऊ द्या." मी म्हणालो, "तू डॉक्टर आहेस का?" त्या दिवशी मी जेवलो नाही आणि तिलाही जेवू दिलं नाही, असंच म्हणावं लागेल. तनू दाराआड उभी राहून ऐकत होती.

त्यानंतर आकडा कधीच चुकला नाही. याचा मला फार अभिमान होता. मॅडम इतरांना माझं उदाहरण द्यायच्या, आणि मी बाकड्यावर जरा ताठ बसायचो.

तनू वाढत होती. चौथीत धावण्यात बक्षीस आणलं. गाल भरले. मला वाटायला लागलं की आजार बाटलीत बंद आहे आणि झाकणावर माझा हात आहे.

आकडा

मागच्या वर्षी जून महिन्यात तिच्या रक्तातल्या विषाणूंची वर्षाची तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, पुन्हा बघितला, आणि तनूला बाहेर खेळायला पाठवलं. मला तिथंच कळलं.

"नाना, विषाणू खूप वाढलेत. डोस चुकतात का?"

"एकही नाही," मी म्हणालो. "मोजून बघा."

त्यांनी मोजल्या. जुळल्या. त्या म्हणाल्या, "गोळ्या खरंच रोज पोटात जात असतील आणि तरी हे होत असेल, तर या औषधाला विषाणू दाद देत नाहीये. औषध बदलावं लागेल. लहान मुलांसाठी पुढची औषधं फार नाहीत, नाना. ती अशी एकेक करून वापरून टाकायची नसतात. तीन महिने काटेकोर द्या, पुन्हा तपासू, मग ठरवू."

तनू बाहेर वजनकाट्यावर एक पाय ठेवून किती वजन होतं ते बघत होती. तिच्या आईला शेवटच्या दिवसांत उचललं तर हातात काही आहे असं वाटायचं नाही. मला तेच डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

गाडीत बसलो आणि संशयानं डोकं भणभणायला लागलं. गोळ्या खोट्या असतील. बाटली कुठंतरी उन्हात पडली असेल. लॅबमध्ये घोटाळा असेल. शाळेतली पोरं हिला काही खायला घालत असतील. चांदोरी मागं पडलं आणि एकदम माझ्याच धंद्यातली गोष्ट आठवली. आमच्या डेपोत एक तपासनीस होता, फार कडक. त्याच्या काळात सगळ्या कंडक्टरांचे कागद चोख असायचे. कागद कसा चोख ठेवायचा ते आम्हाला येत होतं. गाडीत काय चाललंय ते त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी घरी पोचेपर्यंत माझा सगळा संशय एका जागी येऊन थांबला होता. गोळी देतं कोण?

मागच्या दारानं

रस्त्यावर गाडी अचानक तपासायची असली की तपासणीवाले झाडाआड उभे राहायचे. मी तेच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची किटली घेऊन निघालो, कोपऱ्यावरून वळसा घेतला आणि मागच्या दारानं न्हाणीघराजवळ येऊन उभा राहिलो. स्वतःच्या घरात चोरासारखा. तिथून स्वयंपाकघर दिसतं.

तनू पाटावर बसून चहात खारी बुडवून खात होती. सुमननं बाटली उघडली, एक गोळी तळहातावर घेतली. मग दुसऱ्या हातानं तनूच्या कपाळाला हात लावला, हनुवटी वर करून तिच्या नाकात बघितलं. म्हणाली, "काल पुन्हा घोळणा फुटला व्हता. आज नको, माय." आणि ती गोळी तिनं देवाच्या फळीवरच्या हिंगाच्या डबीत टाकली, झाकण लावलं. तनूनं चहा संपवला, दप्तर घेतलं आणि गेली.

मी आत गेलो आणि डबी जमिनीवर ओतली. सदतीस गोळ्या होत्या. पांढऱ्या गोळ्यांना पिवळा रंग लागला होता आणि हिंगाचा वास येत होता.

"मारायचं आहे का पोरीला?" मी ओरडलो.

सुमन घाबरेल असं मला वाटलं होतं. ती खाली बसली आणि गोळ्या वेचायला लागली. "किती उष्ण गोळ्या हायेत त्या," ती म्हणाली. "पोर सकाळी धड खात नाय. उपाशीपोटी एवढी उष्ण गोळी. चैत्रापासून नाकातून रगत येतंय तिच्या. मी काय आंधळी हाय? जरा थंडावा आला की देतेच की रोज. शक्तीच्याच गोळ्या तर हायेत. चार दिवस नाय घेतल्या तर काय होतं?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं व्हतं एकदा. ताप आला व्हता तवा." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "तुम्हाला पोरीचं नाक दिसत नाय, बाटली दिसते. आकडा जुळला की तुम्ही गप ऱ्हाता. म्हणून मी जुळवून ठेवते. औषध फेकू नाय म्हणतात, म्हणून डबीत."

तिनं काय चुकीचं केलं होतं? शक्तीच्या गोळ्या म्हणून मी दिल्या, शक्तीच्या गोळ्यांसारख्याच तिनं वापरल्या. इतकी वर्षं दुसरं कोण लपवतंय ते शोधत होतो, आणि घरात सगळ्यात मोठी लपवाछपवी माझीच होती.

सांगितलं

तिथंच, त्या सांडलेल्या गोळ्यांशेजारी बसून मी सांगितलं. तनूला एचआयव्ही आहे. रोजची गोळी चुकली तर तो आजार डोकं वर काढतो आणि मग ती गोळीच चालेनाशी होते.

सुमननं तो शब्द ऐकलेला होता. तो एकदम उच्चारणं तिला जमलं नाही. तिनं विचारलं, "पोरीला कुठून?" आणि लगेच तिलाच उत्तर कळलं. "मनीलाबी हेच व्हतं?"

मी मान हलवली.

"म्हणून तुम्ही तवा आपला तांब्या-पेला वेगळा ठेवला व्हता," ती म्हणाली. "मला वाटलं टीबीमुळं." मग म्हणाली, "मी तिच्या ताटात जेवायचे. तिच्या तोंडचं पुसायचे. मला हुईल म्हणून तुम्हाला भीती नाय वाटली?"

"एका ताटात जेवल्यानं होत नाही तो," मी म्हणालो.

"हे तुम्हाला तवा माहीत व्हतं?"

नव्हतं. तेव्हा मला वाटत होतं की होतो. मी स्वतःचा पेला वेगळा ठेवला आणि बायकोला काही न सांगता मुलीजवळ बसू दिलं. हे मी सुमनशिवाय आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इथं लिहितोय, कारण लिहायचं तर एवढं तरी खरं लिहावं.

"मनीला माहीत व्हतं का?"

"हो. ती म्हणाली होती, आईला सांगा. मी सांगतो म्हणालो."

सुमनच्या हातातल्या गोळ्या पुन्हा खाली पडल्या. "म्हणजे तिला वाटत व्हतं, मला माहीत हाय," ती म्हणाली. मग ती जे बोलली ते मला ठाऊक नव्हतं. मनीषानं शेवटच्या आठवड्यात तिला विचारलं होतं, "आई, तुला माझी किळस नाही ना येत?" सुमन म्हणाली होती, "येडी का काय, लेकराची कुठं किळस येती?" आणि मनीषा खूप रडली होती, आईचा हात गालाखाली घेऊन झोपली होती. इतकी वर्षं सुमनला त्या रडण्याचा अर्थ लागला नव्हता.

आम्ही दोघं बराच वेळ रडलो. एकमेकांजवळ बसून नाही. ती चुलीकडच्या भिंतीशी, मी दाराशी.

मग तिनं डोळे पुसून विचारलं, "अजून काय लपवलंय?"

अजून काय

होतं अजून एक. ते मी सांगितलं नसतं तर कुणालाही कधी कळलं नसतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मनीषा सातव्या महिन्यात आमच्याकडे आली होती. सरकारी दवाखान्याच्या आशाताई दोनदा दारात आल्या. पोटुशीच्या सगळ्या रक्ततपासण्या करून घ्या, एचआयव्हीचीही, फुकट आहे, म्हणाल्या. मी त्यांना म्हणालो, आमच्या घरात असलं काही नसतं. पुढं खासगी नर्सिंग होममध्ये नाव घातलं, तिथं नर्सनं तपासण्यांची यादी काढली. माझ्या मनात आलं की यांचं आणि लॅबवाल्याचं साटंलोटं असणार. मी सांगितलं, "सगळ्या तपासण्या सासरी घोटीला झाल्यात. सगळं नॉर्मल आहे. कागद तिकडं राहिलेत." त्यांनी माझा शब्द खरा मानला. मुलाचं वय चोरणाऱ्या आईबापांवर आयुष्यभर डाफरलो, आणि स्वतः त्या टेबलाशी उभा राहून मी अगदी तसंच, डोळ्यात डोळे घालून खोटं बोललो.

समुपदेशक मॅडमनी पुढं एकदा सहज समजावून सांगितलं होतं. पोटुशी असताना आईचा आजार कळला, तिला गोळ्या चालू झाल्या, जन्मल्याबरोबर बाळाला काही आठवडे पातळ औषध दिलं, तर बाळ बहुतेक वेळा वाचतं. आईही जगते. त्या दिवशी मी केंद्रातून बाहेर येऊन सीबीएसच्या एस.टी. स्टँडपर्यंत चालत गेलो होतो आणि लासलगावच्या दोन गाड्या समोरून गेल्या तरी चढलो नव्हतो.

सुमननं सगळं ऐकून घेतलं. गोळ्या डबीत भरल्या, उठली आणि कपडे धुवायला बसली. त्यानंतर पंधरा दिवस ती माझ्याशी तनूमार्फत बोलायची. "तनू, नानांना सांग, ताट वाढलंय." मला वाटलं, बहिणीकडं जाईल. गेली नाही. बहिणीलाही सांगितलं नाही. ज्या भीतीनं मी तिच्यापासून लपवलं, ती भीती खोटी होती, हे कळायला मला एवढी वर्षं लागली.

एकच गोष्ट ती तिसऱ्या आठवड्यात माझ्या तोंडावर बोलली. "तनू शहाणी झाली की ते नर्सिंग होमचं तुम्ही तिला सांगायचं. मी नाय सांगणार, आन् तुम्ही मरायच्या आधी सांगायचं." मी हो म्हटलं. हे लिहून ठेवण्याचं खरं कारण तेही आहे.

तीन महिने

पुढच्या तारखेला सुमन सोबत आली. हिंगाची डबी पिशवीत घालून. ती तिनं डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. "ह्या माझ्या चुका," म्हणाली. मला वाटलं आता बाई चिडतील. त्यांनी डबी उघडून बघितली आणि विचारलं, "आजी, नाकातून रक्त कधीपासून येतंय?" हा प्रश्न आमच्या घरात मी एकदाही विचारला नव्हता. त्यांनी तपासलं. कोरड्या हवेनं आणि उन्हानं होतंय, गोळीनं नाही, म्हणाल्या. सुमननं विचारलं, "मग थंडाव्याला सब्जा देऊ का?" त्या म्हणाल्या, "सब्जा द्या, गोळीही द्या."

तेव्हापासून साडेसातला सब्जाचं पाणी आणि गोळी एकत्र असते. त्याआधी तनूला खारीऐवजी गरम भाकरी-दूध मिळतं. तनूला मॅडमनी दोन-तीन भेटींत तिच्या वयाला झेपेल तसं सगळं सांगितलं. ती घरी येऊन आजीला म्हणाली, "मला तू आज नको म्हणालीस की बरं वाटायचं. आता नको म्हणू नकोस." मी संध्याकाळी बाटली पालथी करायचं बंद केलं. पहिले काही दिवस हात शिवशिवायचे. कॅलेंडरवर आता तनू स्वतः टिंब करते. मी लांबूनच बघतो. अगदी बघत नाही असं म्हणालो तर खोटं होईल.

सुमन मात्र बदलली. चाळीस-बेचाळीस वर्षांत तिनं माझा शब्द कधी पडताळून पाहिला नव्हता. आता मी बाजारातून येऊन काही सांगितलं तर ती शेजारी विचारून खात्री करते. दवाखान्याची फाइल ती आपल्या ट्रंकेत ठेवते. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून तनूला एकेक पान वाचायला लावते आणि मी मध्ये बोललो की म्हणते, "तुम्ही थांबा." मला राग येत नाही. संशय घेतलेला कसा असतो ते प्रवाशाच्या बाजूनं आता कळतंय, आणि मी तर खरोखर विनातिकीट सापडलेला.

तो रिपोर्ट

तीन महिन्यांनी रक्त दिलं. रिपोर्टच्या दिवशी नंबर आला तसा मी उठलो. सुमन म्हणाली, "तुम्ही बसा हितंच." ती तनूला घेऊन आत गेली आणि दार लोटून घेतलं.

मी बाकड्यावर बसलो. हमाल शेजारी होता. त्यानं एकदा दाराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि मांडीवरची पिशवी घट्ट धरली, जसा काही त्याचाच रिपोर्ट होता. आतून काही ऐकू येत नव्हतं. औषध बदलायचं असेल तर एवढा वेळ लागणारच, असं मी मनाशी म्हणत होतो. मनीषाचं नाव घेत होतो. देवाचं घेण्याची मला लाज वाटत होती.

दार उघडलं. सुमन आली, तनूचं दप्तर माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आकडा उतरला. रगतात सापडतच नाय म्हणतात. हीच गोळी चालू ठेवायची."

"नीट विचारलंस का?" माझ्या तोंडून गेलंच.

"दोनदा विचारलं," ती म्हणाली. "तुमच्यासंगं राहून शिकले."

हमाल खाली बघून हसला. मी तनूचा हात धरला आणि तो सीबीएसपर्यंत सोडला नाही. ती दोनदा म्हणाली, "नाना, दुखतंय."

गाडीत कंडक्टर ओळखीचा निघाला. "काय नाना, डोळे काय म्हणतात?"

"डोळे बरे आहेत," मी म्हणालो. "नातीची तपासणी होती. चांगली आली."

त्यानं मशीन काढलं. हल्ली बायकांना अर्धंच तिकीट असतं, त्यामुळे पोरीचं वय चोरून कुणाचा काही फायदा नाही. पण मशीनमध्ये लहान मुलांचं बटण वेगळं आणि बायकांचं वेगळं. त्यानं तनूकडं बघून विचारलं, "हिचं लहान काढू का महिला?"

बत्तीस वर्षं विचारलेला प्रश्न आता मला विचारला जात होता. सुमन खिडकीतून आत वळली आणि मी काय सांगतो ते बघत राहिली. मनीषाच्या या लेकराला पाच वर्षांची असताना मी सुई टोचायला फसवून आणलं होतं, ती दहाची होईल का याची मला खात्री नव्हती, आणि ती माझ्या शेजारी बसून शेंगदाणे खात होती.

"महिला काढ," मी म्हणालो. "मागच्या मंगळवारी बारा पूर्ण झाली."

कंडक्टर हसून सुमनला म्हणाला, "खरं का, आजी?"

सुमननं तनूच्या ओंजळीतले दोन दाणे घेतले, एक माझ्या हातावर ठेवला. "हो," ती म्हणाली. "यावेळी खरं बोलतायत."